पायांतला जीव : प्रस्तावना

पिसाळलेला कुत्रा चावला तर पोटात चौदा इंजेक्शनं, ही धास्ती मराठवाड्यातल्या चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांनी लहानपणी घेतलेली आहे. सुई दुखायची हे खरं. पण डॉक्टर मंडळींना काळजी असे ती दुसऱ्याच गोष्टीची. ही लस मेंढीच्या मेंदूपासून तयार होई. डेव्हिड सेंपल यांनी कसौलीला १९११ साली तिची कृती बसवली आणि भारतात ती २००४ अखेरपर्यंत चालली. लस टोचून घेणाऱ्यांपैकी थोड्या जणांना आठवड्या-दोन आठवड्यांनी पायांत मुंग्या येत, पाय गळत, लघवी अडे. काही जण त्यातून उठत, काही उठत नसत. लशीतला विषाणू मारलेला असे, तेव्हा दोष त्याचा नव्हता. वायरीवर प्लास्टिकचं वेष्टन असावं तसं चेतातंतूवर गुंडाळलेलं एक स्निग्ध आवरण असतं, त्याला मायेलिन म्हणतात. मेंढीच्या मेंदूतलं हे मायेलिन लशीबरोबर अंगात शिरे. प्रतिकारयंत्रणा त्याच्यावर तुटून पडे. माणसाचं मायेलिन मेंढीच्या मायेलिनहून फारसं निराळं नाही, त्यामुळे त्या तडाख्यात माणसाच्या स्वतःच्याच नसा सापडत.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टॉमस रिव्हर्स यांनी १९३३ साली माकडांना सशाच्या मेंदूचा अर्क पुन्हा पुन्हा टोचून हेच घडवून दाखवलं. त्या काळी शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांच्या मताचा दबदबा होता. शरीर आपल्याच पेशींवर विष टाकायचं टाळतं, असं त्यांनी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला मांडलं होतं. त्यांचं म्हणणं बरंच सावध होतं; मागून आलेल्यांनी मात्र त्याचा नियमच करून टाकला आणि पुढची पन्नासेक वर्षं ‘असं होतच नाही’ म्हणून हा प्रश्न बाजूला ठेवला. १९५५ साली वॅक्समन आणि ॲडम्स यांनी मेंदूऐवजी हातापायांच्या नसांचा अर्क सशांना टोचला, आणि ससे पायांतून लुळे पडले. प्रस्तुत पुस्तकाचा विषय खऱ्या अर्थाने तिथून सुरू होतो. पण ही गोष्ट प्रयोगशाळेच्या आधी, कुत्रं चावलेल्या गरीब माणसांच्या पोटावर घडत होती, हे नोंदवून ठेवायला हवं. या शास्त्राचा इतिहास चाळताना मला ते वारंवार दिसतं: मोठ्या शहरातल्या मोठ्या विद्यापीठाच्या आधी कुठल्या तरी आडबाजूच्या दवाखान्याने रोग पाहिलेला असतो.

आता विषयाची शीव सांगतो. मेंदूतून निघालेला हुकूम पाठीच्या कण्यातून नसेत, नसेच्या टोकाशी नस आणि स्नायू यांच्या सांध्यावर आणि तिथून स्नायूत जातो. यांपैकी कुठेही बिघाड झाला तरी धाराशिव जिल्ह्यातले नातेवाईक येऊन एकच वाक्य सांगतात: ‘पायात जीव नाही राहिला.’ नाहीतर ‘अंगावरून वारं गेलं.’ लकवा, पोलिओ, सर्पदंश, जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम), मायस्थेनिया, सगळं त्या एका वाक्यात मावतं. नातेवाइकांना दोष देण्यात अर्थ नाही. डॉक्टरांनासुद्धा शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी यापेक्षा फार काही सांगता येत नव्हतं. हे पुस्तक त्या वाक्याची फोड करतं. बिघाड नसेत आहे, सांध्यावर आहे की स्नायूत, हा पहिला प्रश्न. तिथे प्रतिकारयंत्रणेची कोणती पेशी काम करते आहे, हा दुसरा. उपचार ठरतो तो दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर.

सांध्यापासून सुरुवात करू, कारण तिथलं कोडं सर्वांत स्वच्छ सुटलं आहे. आणि ते सोडवायला साप मदतीला आला, हे आपल्याकडच्या वाचकाला जवळचं वाटेल. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार डसते. डंखाची खूण बहुधा दिसतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटायला लागतात, जीभ जड होते, गिळता येत नाही, आणि मग श्वास. ग्रामीण रुग्णालयातल्या कोणत्याही अनुभवी नर्सला हा क्रम तोंडपाठ असतो. मायस्थेनिया ग्रॅव्हिसमध्ये नेमक्या याच स्नायूंवर घाला पडतो, फक्त एका रात्रीत नाही, काही महिन्यांत. नसेच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं आणि स्नायूवरच्या रिसेप्टरला जाऊन चिकटतं. तैवानमधल्या मण्यारीच्या विषातला एक घटक त्या रिसेप्टरला इतका घट्ट धरतो की सुटता सुटत नाही. तैवानच्या चँग आणि ली यांनी १९६३ मध्ये तो घटक वेगळा काढला. दहा वर्षांनी संशोधकांनी याच विषाला खुणेची चिठ्ठी बनवून मायस्थेनियाच्या रुग्णांच्या स्नायूंतले रिसेप्टर मोजले. ते निरोगी माणसापेक्षा पुष्कळच कमी भरले.

या रोगाचं पहिलं वर्णन मात्र १६७२ चं आहे. इंग्लंडच्या टॉमस विलिस यांनी एका बाईबद्दल लिहून ठेवलं की बराच वेळ बोलल्यावर तिची वाचाच जाते आणि विश्रांतीनंतर परत येते. त्यानंतर अडीचशे वर्षं नावं बदलत राहिली, उपाय सापडला नाही. १९३४ साली लंडनमधल्या ग्रिनिचच्या सेंट आल्फेज या रुग्णालयात मेरी वॉकर नावाच्या डॉक्टरांनी पाहिलं की हा आजार क्युरारे या बाणाच्या विषाच्या बाधेसारखा दिसतो. मग क्युरारेवरचा उतारा, फायसोस्टिग्मिन, देऊन पाहावा. पापण्या उघडल्या. मेरी वॉकर कुठल्या विद्यापीठात प्राध्यापक नव्हत्या. हे रुग्णालय एकेकाळी गरीबगुरिबांसाठी बांधलेलं, आणि त्या तिथल्या साहाय्यक वैद्यकीय अधिकारी. आजचं पायरिडोस्टिग्मिन थेट त्या उताऱ्याचा वारस आहे.

पण रिसेप्टर कमी का होतात? स्कॉटलंडच्या जॉन सिम्पसन यांनी १९६० साली तर्क मांडला की शरीरच त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, बनवत असावं. पुरावा १९७३ मध्ये जवळजवळ योगायोगाने आला. अमेरिकेच्या साल्क संस्थेत पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम विजेच्या ईल माशाच्या रिसेप्टरवर काम करत होते. त्याच्या अँटिबॉडी मिळाव्यात म्हणून त्यांनी तो सशांना टोचला, आणि ससे माना टाकून बसले. मायस्थेनियाचं औषध दिल्यावर काही वेळापुरते उठले. दोनच वर्षांनी टॉयका आणि ड्रॅकमन यांनी रुग्णांच्या रक्तातल्या अँटिबॉडी उंदरांना देऊन तीच अशक्तता उंदरांत आणून दाखवली. सर्वांगाला मायस्थेनिया झालेल्या रुग्णांपैकी सुमारे ८५ टक्क्यांच्या रक्तात या अँटिबॉडी सापडतात. त्या रिसेप्टरवर बसतात, त्यांना ओढून आत नेतात आणि ‘कॉम्प्लिमेंट’ नावाच्या प्रथिनांची साखळी पेटवून स्नायूच्या पडद्याला भोकं पाडतात.

इथे एक पंथ तयार झाला, आणि बरीच वर्षं त्याचंच चाललं: अँटिबॉडी सापडली की रोग सापडला. या पंथाने मोठं काम केलं, पण त्याची एक खोड आहे. अँटिबॉडी हा शेवटचा हात असतो. ती बनवणाऱ्या बी-पेशीला परवानगी देते टी-पेशी, आणि टी-पेशी शिकून बाहेर पडते छातीतल्या थायमस ग्रंथीतून. मायस्थेनियाच्या अनेक तरुण रुग्णांत ही ग्रंथी सुजलेली असते; दहा-पंधरा टक्क्यांत तिथे गाठ असते. आल्फ्रेड ब्लालॉक यांनी १९३६ मध्ये अमेरिकेत एका तरुण स्त्रीच्या थायमसची गाठ काढली, तिचा मायस्थेनिया सुधारला, आणि जगभर थायमस काढायचा प्रघात पडला. त्याचा उपयोग होतो की नाही हे रीतसर चाचणीने सिद्ध व्हायला २०१६ उजाडलं. ऐंशी वर्षं! औषधशास्त्रात श्रद्धा किती दिवस टिकते याचा हा नमुना. योगायोगाने इथे श्रद्धा खरी निघाली. पुढे २००१ मध्ये मस्क नावाच्या वेगळ्या प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या. त्या कॉम्प्लिमेंट पेटवत नाहीत, आणि त्या रुग्णांना थायमस काढून फायदा दिसत नाही. म्हणजे पापणी तीच मिटते, पण कारस्थान निराळं.

नसांची कथा याहून गुंतागुंतीची आहे, आणि आपल्याला ती अलीकडेच दारात येऊन भेटली. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी, नांदोशी या पट्ट्यातून पाय गळालेले रुग्ण येऊ लागले. आधी जुलाब, मग काही दिवसांनी मुंग्या, मग चालता येईना. संशयितांसह आकडा दोनशेच्या वर गेला. राज्यात पहिला संशयित मृत्यू नोंदला गेला तो सोलापुरात, म्हणजे धाराशिवहून दीड-दोन तासांवर. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू सापडला, पाण्याकडे बोट दाखवलं गेलं, आणि ‘जीबीएस’ ही तीन अक्षरं तोवर ज्यांनी कधी ऐकली नव्हती त्यांच्या घरात पोचली. त्या दिवसांत अफवा फार उडाल्या. हा आजार एकाकडून दुसऱ्याला लागतो ही त्यातली सर्वांत त्रासदायक. जुलाब पाण्यातून लागू शकतात. पाय लुळे पडणं लागत नाही.

गियाँ, बारे आणि स्ट्रोल या तिघा फ्रेंच लष्करी डॉक्टरांनी पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, दोन सैनिकांचं वर्णन केलं. पाय गळाले होते, पाठीच्या पाण्यात प्रथिनं वाढली होती, पण पेशी वाढल्या नव्हत्या. पोलिओपेक्षा हे वेगळं हे त्यामुळे कळलं. १९६९ मध्ये ॲसबरी, आर्नासन आणि ॲडम्स यांनी दगावलेल्या रुग्णांच्या नसा तपासल्या, तर नसांत लिम्फोसाइट पेशी दाटलेल्या. त्यावरून टी-पेशींचा पंथ उभा राहिला: हा रोग टी-पेशींचा, सशांच्या प्रयोगासारखाच. दोन दशकं हेच पाठ्यपुस्तकांत होतं. मग १९९० च्या सुमारास उत्तर चीनच्या खेड्यांतून, उन्हाळ्यात, शेतकऱ्यांची मुलं लुळी पडून रुग्णालयात येत असल्याचं चिनी आणि अमेरिकी डॉक्टरांनी एकत्र तपासलं. या मुलांच्या नसांत लिम्फोसाइट जवळजवळ नव्हतेच. मायेलिन शाबूत, आतला तंतूच पोखरलेला, आणि मायेलिनच्या दोन तुकड्यांमधल्या फटीतून आत शिरलेल्या मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी. त्याच सुमारास जपानच्या नोबुहिरो युकी यांनी कॅम्पायलोबॅक्टरनंतर लुळ्या पडलेल्या रुग्णांत नसेवरच्या ‘जीएम-१’ या साखरयुक्त स्निग्ध घटकाविरुद्धच्या अँटिबॉडी दाखवल्या. जिवाणूच्या कवचावर अगदी तसाच घटक असतो. प्रतिकारयंत्रणा जिवाणूला मारायला अँटिबॉडी बनवते. ती नसेवर जाऊन बसते.

हे वाचलं की वर्तमानपत्रं ‘शरीराचं सैन्य फितूर झालं’ असं लिहितात. मला ते पटत नाही. इथे कोणी फितूर झालेलं नाही. जुलाबाच्या जिवाणूशी यंत्रणेने जसं वागायला हवं तसंच ती वागली. अडचण जिवाणूच्या वेषाची होती. आणि प्रश्न तिथे संपतही नाही. तेच पाणी हजारोंनी प्यालं, जुलाब शेकडोंना झाले, पाय मोजक्यांचेच गळाले. ते मोजके कोण, याचं पूर्ण उत्तर आज कुणाकडे नाही. टी-पेशींच्या पंथानेही हार मानलेली नाही: २०२४ च्या सुरुवातीला झुरिचच्या गटाने जीबीएसच्या रुग्णांच्या रक्तात आणि नसांत मायेलिनची प्रथिनं ओळखणाऱ्या टी-पेशी दाखवल्या. मायेलिन सोलणारा प्रकार आणि तंतू पोखरणारा प्रकार हे दोन वेगवेगळ्या पेशींचे उद्योग असावेत, इकडे आता कल आहे.

आणखी एक सावधगिरी मुंबईने शिकवली आहे. १९७१ साली डोळे येण्याची मोठी साथ आली, आणि काही जणांचे डोळे बरे झाल्यावर पाय गळाले. जे. जे. रुग्णालयाचे नोशिर वाडिया यांनी त्याचं वर्णन केलं. तो पोलिओसारखा प्रकार होता. विषाणूनेच कण्यातल्या पेशी मारलेल्या. संसर्गामागून येणारा प्रत्येक लुळेपणा प्रतिकारयंत्रणेच्या माथी मारता येत नाही.

स्नायूंच्या आजारांवर मी थोडक्यातच थांबतो. पुस्तकात त्यांना पुरेशी जागा आहे. एवढंच सांगतो की अराहाता आणि एंगल यांनी १९८० च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं की पॉलिमायोसायटिसमध्ये मारेकरी टी-पेशी धडधाकट स्नायूतंतूंत घुसलेल्या दिसतात, तर डर्मॅटोमायोसायटिसमध्ये गर्दी रक्तवाहिन्यांभोवती असते. उतारवयात होणाऱ्या तिसऱ्या प्रकारातल्या टी-पेशी इतक्या मुरलेल्या असतात की स्टेरॉइडला दाद देत नाहीत.

स्टेरॉइडचा विषय निघालाच आहे. आपल्या तालुक्यांत ‘सूज उतरवणारं इंजेक्शन’ म्हणून ते सढळ हाताने दिलं जातं. मायस्थेनियात ते उपयोगी पडतं, पण सुरुवातीला काही रुग्ण आणखी अशक्त होतात, म्हणून नजरेखाली द्यावं लागतं. महिनोन्‌महिने रेंगाळणाऱ्या सीआयडीपीत, म्हणजे नसांच्या जुनाट दाहात, ते चांगलं काम करतं. जीबीएसमध्ये त्याचा फायदा नाही, हे चाचण्यांनी दाखवलेलं आहे. तिन्ही आजार ‘ऑटोइम्यून’, म्हणजे प्रतिकारयंत्रणेच्या स्वतःवरच्याच हल्ल्याचे, पण एकच औषध तिघांना लागू नाही. ‘कोणती पेशी’ हा प्रश्न फक्त पंडितांचा नाही, तो असा.

जीबीएसवर दोन उपाय आहेत: रक्तातला प्लाझ्मा बदलणं, किंवा हजारो दात्यांच्या प्लाझ्मातून काढलेलं इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून देणं. दोन्ही सारखेच गुणकारी. पन्नास किलोच्या माणसाला पाच दिवसांत शंभर ग्रॅम इम्युनोग्लोब्युलिन लागतं, आणि खर्च लाखांत जातो. कोरडवाहू सोयाबीनवर जगणाऱ्या घराला हा आकडा ऐकवणं सोपं नसतं. जनआरोग्य योजनेचा आधार असतो, पण कागद जुळेपर्यंत दिवस जातो, आणि दिवसच तर हातात कमी असतात. स्वस्त प्लाझ्मा बदलीच्या सुटसुटीत पद्धतीवर बांगलादेशातल्या डॉक्टरांनी केलेलं काम मला म्हणूनच युरोपातल्या नव्या औषधांपेक्षा आपल्या कामाचं वाटतं.

नवी औषधं मात्र खरंच नवी आहेत. कॉम्प्लिमेंटची साखळी तोडणारं औषध मायस्थेनियासाठी अमेरिकेत २०१७ मध्ये आलं, अँटिबॉडीचा पुनर्वापर थांबवणारं २०२१ मध्ये. बी-पेशी संपवणारं रिटुक्सिमॅब तर २००७ पासून भारतातच बनतं. रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढून, त्यांना बी-पेशी ओळखायला शिकवून परत सोडायच्या, ही कार-टी पद्धत कर्करोगातून या आजारांकडे वळते आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा रुग्णालयाच्या संशोधनातून आलेल्या देशी कार-टीला २०२३ मध्ये रक्ताच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. २०२५ चं नोबेल ब्रन्को, रॅम्सडेल आणि साकागुची यांना मिळालं ते प्रतिकारयंत्रणेला आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशींच्या शोधासाठी. गेली शंभर वर्षं आपण ‘हल्ला कोण करतं’ हे विचारत होतो. आता ‘आवरायला कोण होतं आणि ते कुठे गेलं’ हे विचारता येतं.

मग धाराशिवचं काय? २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ५७ हजार होती. जीबीएस जगभरात वर्षाला लाखात एक-दोघांना होतो. त्या हिशेबाने जिल्ह्यात दरवर्षी पंधरा ते तीस जण. मायस्थेनियाचे रुग्ण कधीही मोजले तर दोन-तीनशे भरावेत. हे सगळे आधी पोचतात परंडा, भूम, कळंब, लोहाऱ्याच्या दवाखान्यात, आणि तिथून सोलापूर, लातूर किंवा पुण्याच्या वाटेला लागतात. धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तरी पहिले काही तास तालुक्याचेच. त्या तासांत यंत्र फारसं लागत नाही. रुग्णाला खोल श्वास घ्यायला सांगून त्या एकाच श्वासात मोठ्याने आकडे मोजायला लावावेत. एक, दोन, तीन... वीसच्या आत दम तुटला तर १०८ ला लगेच फोन, आणि वाटेत श्वास देता येईल अशी माणसं सोबत. उशीवरून मान उचलता येत नसेल तरी तेच. जीबीएसच्या पाचातल्या एकाला तरी व्हेंटिलेटर लागतो, आणि लागायच्या आधी तो माणूस शांतपणे बोलत असतो. दुसरी चाचणी त्याहून साधी: पापणी पडली असेल तर बर्फाचा तुकडा कापडात गुंडाळून मिटल्या डोळ्यावर दोन मिनिटं धरायचा. मायस्थेनियात पापणी बहुधा वर येते, कारण थंडीत ॲसिटिलकोलीन मोडणारं विकर मंदावतं. मे महिन्यात तुळजापुरात बर्फ कुठे मिळतो हे कुणाला सांगायला नको.

जिल्ह्याकडे नोंदीही आहेत, फक्त त्यांच्याकडे कुणी या नजरेने पाहिलेलं नाही. पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हात-पाय अचानक लुळा पडला की आशाताई कळवतात, शौचाचे दोन नमुने जातात. पोलिओसाठी उभी केलेली ही व्यवस्था, देश पोलिओमुक्त ठरल्यावरही, चालू आहे, आणि तिच्या वह्यांत जीबीएसची मुलं मोठ्या संख्येने आहेत. कोणत्या महिन्यात, कोणत्या गावात, टँकरचं पाणी होतं की विहिरीचं, घरी कोंबड्या होत्या का, हे त्या वह्यांवरून ताडता येईल. चीनमधल्या शोधाची सुरुवात यापेक्षा फार मोठ्या साधनांनी झाली नव्हती.

पुस्तकाचा बेत यातूनच ठरला आहे. वैद्यकीय विद्यार्थी, तालुक्याचे डॉक्टर, नर्स आणि ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे ती मंडळी, हे त्याचे वाचक. लेखकांनी रोगांची यादी न लावता पेशींच्या अंगाने मांडणी केली आहे, त्यामुळे एकच आजार दोन-तीन ठिकाणी भेटेल. ती पुनरुक्ती नाही. ज्या बाबतीत अभ्यासकांत वाद आहे तिथे तो वाद म्हणूनच ठेवला आहे. औषधांचे डोस मुद्दाम दिलेले नाहीत, कारण छापील डोस पाहून घरच्या घरी गोळ्या कमी-जास्त करणारे रुग्ण मी खूप पाहिले आहेत. वैद्यकीय पार्श्वभूमी नसलेल्यांनी सांध्यावरच्या प्रकरणापासून वाचायला घ्यावं. चित्रं तिथे जास्त आहेत, आणि एकदा मण्यारीचा भाग डोक्यात बसला की पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं.